आहारोपचाराचा फ्लिप्ड वर्ग : प्रकल्प नोंदी, जुलै ते डिसेंबर २०२४

८ जुलै २०२४, सोमवार

एम.एस्सी. (आहार व पोषण) दुसऱ्या वर्षाच्या आहारोपचार विषयातले चार घटक या सत्रात फ्लिप्ड पद्धतीने घ्यायचे, असं आज विभागाच्या बैठकीत ठरलं. तीव्र कुपोषण, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि रिफीडिंग, म्हणजे दीर्घ उपासमारीनंतर पुन्हा अन्न सुरू करणं. बाकीचे घटक नेहमीसारखे फळ्यावर. एकाच वर्गाला एकाच सत्रात दोन्ही पद्धती अनुभवायला मिळतील आणि कोणती कुठे उपयोगी पडली हे त्यांच्याच तोंडून ऐकता येईल.

पद्धत काही नवलाची नाही. व्याख्यान विद्यार्थ्याने घरी ऐकून यायचं आणि वर्गातला वेळ उदाहरणं सोडवण्यात, वाद घालण्यात घालवायचा. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि हे नाव सगळीकडे पोचलं. त्याआधी २००० मध्ये लेज, प्लॅट आणि ट्रेग्लिया यांनी ओहायोतल्या मायामी विद्यापीठात अर्थशास्त्राच्या वर्गासाठी असंच काही करून त्यावर लिहिलं होतं. हार्वर्डचे एरिक मझूर तर नव्वदच्या दशकापासून भौतिकशास्त्राच्या वर्गात मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावताहेत.

मी हा प्रकल्प मागून घेतला तो रुग्णालयात जे पाहते त्यामुळे. इंटर्नशिपला गेलेल्या आमच्या मुली पेपरात आहार तक्ता अगदी नीट लिहितात. पण बाह्यरुग्ण विभागात समोर आजी येऊन बसल्या, ‘काय खाता?’ विचारलं आणि त्या ‘जे असते ते’ म्हणाल्या, की पुढचा प्रश्न सुचत नाही. पुढचा प्रश्न सुचण्याचा सराव व्याख्यानातून मिळत नाही. तो वर्गातच, माझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवा. आणि त्यासाठी वेळ काढायचा तर व्याख्यान वर्गाबाहेर न्यावं लागणार.

संमतीपत्रं मराठीत केली. अंतर्गत गुण माझ्या हातात असल्यामुळे विद्यार्थी माझ्यासमोर मोकळेपणाने बोलणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून गटचर्चा शिक्षणशास्त्र विभागातल्या सहकारी मॅडम घेणार. अनुभवाच्या वह्या त्यांच्याकडेच जमा होतील. ओळख पटेल असा मजकूर काढून, क्रमांक घालून त्या मला टंकलेली प्रत देतील. गटचर्चेचे उतारे मात्र गुण विद्यापीठाकडे गेल्यावरच माझ्या हातात येतील. नैतिकता समितीने ही अट आनंदाने मान्य केली.

१९ जुलै, शुक्रवार

रेकॉर्डिंगचा आठवडा. तीव्र कुपोषणाचा घटक मी एरवी तीन तासांत शिकवते. तो जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर बोलण्यात अर्थ नव्हता. गुओ, किम आणि रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास केला होता. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणाऱ्याचं लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतं असं दिसलं. म्हणून एका व्हिडिओत एकच प्रश्न ठेवला. मुआक टेप, म्हणजे दंडाचा घेर मोजायची पट्टी, कुठे आणि कशी लावायची. ११.५ सेंटीमीटर ही रेषा कशासाठी. सुरुवातीच्या आहारात प्रथिनं इतकी कमी का. लोह पहिल्या दिवसांत का द्यायचं नाही.

काय रेकॉर्ड करायचं यापेक्षा काय करायचं नाही, यावर मी आणि सहकारी मॅडमनी जास्त वेळ दिला. जिथे विद्यार्थ्याने अडखळायलाच हवं ते व्हिडिओत सोडवून दाखवायचं नाही. पाककृतीचं प्रमाण सांगायचं, पण मिसळून दाखवायचं नाही. सूत्र सांगायचं, पण रुग्णाचं उदाहरण मांडायचं नाही.

वर्गातली निम्मी मुलं रोज एसटीने ये-जा करतात. दर्यापूर, मोर्शी, परतवाडा, अचलपूर. गाडीत नेटवर्क येतं-जातं. म्हणून प्रत्येक व्हिडिओची ऑडिओ फाइल वेगळी काढली आणि दोन पानांची छापील टिपणं विभागातच ठेवली. फायली महाविद्यालयातून पेनड्राइव्हवर किंवा ब्लूटूथने घ्यायची सोय केली. वाचायला तीन गोष्टी: राष्ट्रीय पोषण संस्थेची याच मे महिन्यात आलेली आहार मार्गदर्शक तत्त्वं, २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते आणि २०२० चे पोषक घटकांचे दैनंदिन प्रमाण. यूजीसीच्या ई-पीजी पाठशाळेवरचे काही धडेही जोडले.

भाषा ठरवताना फार खल केला नाही. मी वर्गात जशी बोलते तशीच बोलले, मराठीत, संज्ञा इंग्रजी. परीक्षा इंग्रजीत असली तरी रुग्ण मराठीत किंवा कोरकूत, मेळघाटातल्या आदिवासींच्या भाषेत, बोलणार आहे.

२९ जुलै, सोमवार

पहिला फ्लिप्ड तास, सलग दोन तासांचा. सुरुवातीला पाच छोटे प्रश्न, कागदावर. उत्तरं तपासताच कळलं की बहुतेकांनी व्हिडिओ पाहिलेत, काहींनी फक्त ऐकलेत आणि काही जण टिपण चाळून आलेत. ज्यांचं पाहून झालं नव्हतं त्यांना मागच्या बाकावर इयरफोन लावून बसवलं. त्यांच्यासाठी मी वर्गात पुन्हा सांगायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. एकदा सांगितलं की पुढच्या वेळी कोणीच पाहून येत नाही.

मग प्रयोगशाळेत तीव्र कुपोषित बाळाचा सुरुवातीचा आहार तयार करायला घेतला. पोषण पुनर्वसन केंद्रात करतात तोच, मुरमुऱ्याच्या पिठाचा. गायीचं दूध ३०० मिलि, साखर ७० ग्रॅम, मुरमुऱ्याचं पीठ ३५ ग्रॅम, तेल २० ग्रॅम आणि एक लिटर होईपर्यंत पाणी. शंभर मिलिमध्ये सुमारे ७५ किलोकॅलरी यायला हव्यात.

चारपैकी एका गटाने सगळं मापून भांड्यात घातलं आणि वर मोजपात्राने एक लिटर पाणी ओतलं. मी बघत होते, पण बोलले नाही. शेजारच्या गटातली एक मुलगी वाकून म्हणाली, ‘तुमचं जास्त दिसून राहिलं.’ मोजलं तर जवळजवळ एक लिटर चारशे मिलि. त्यांना तिथेच हिशेब करायला लावला. एकूण ऊर्जा तीच, साधारण ७७५ किलोकॅलरी. म्हणजे शंभर मिलिमध्ये ७५ ऐवजी ५५. आता पाच किलोचं बाळ घ्या. सूज नसेल तर किलोमागे १३० मिलि, दिवसाचे ६५० मिलि, दर दोन तासांनी साधारण ५५ मिलि. बरोबर मिश्रणातून त्याला ४८८ किलोकॅलरी मिळतात, या मिश्रणातून ३५८. वाटी तितकीच भरलेली, तक्त्यावर ‘आहार पूर्ण दिला’ अशी नोंद, आणि बाळाच्या पोटात रोज १३० किलोकॅलरी कमी.

वर्ग चिडीचूप झाला. मग एकाने विचारलं, ‘मॅडम, वॉर्डात असं होत असेल तर कळणार कसं?’ यावर पुढचा अर्धा तास गेला. वजनाचा आलेख, भांड्यावर आतून खूण करणं, दूध फाटलं किंवा पातळ दिसलं तर कोणाला सांगायचं. यातलं एकही वाक्य माझ्या जुन्या व्याख्यानात नव्हतं.

३० जुलै, मंगळवार

सहकारी मॅडमना काल मागे बसून निरीक्षण करायला सांगितलं होतं. त्यांच्या टिपणात एक ओळ ठळक आहे. तास संपल्यावर जिन्यात दोन मुली बोलत होत्या: ‘सगळं आपणच केलं. मॅडम शिकवणार कधी?’

हे वाक्य जगभर जिथे जिथे हा प्रयोग झाला तिथे ऐकू आलं आहे. तरी ते मनावर घ्यायला हवं. या मुलींनी चार वर्षं फी भरून शिक्षकाचं बोलणं ऐकलं आहे. शिकणं म्हणजे समोर कोणीतरी बोलणं, हा त्यांचा अनुभव आहे. तो एका तासात बदलावा अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

अनुभवाच्या वह्यांची पहिली टंकलेली प्रत आली. रात्री बसून वाचली. व्हिडिओ चांगला की वाईट यावर फारच कमी लिहिलंय. जवळजवळ सगळ्यांनी वेळेवर लिहिलंय.

वि-४: ‘एसटीत ऑडिओ ऐकते. खिडकीजवळ जागा मिळाली तर टिपण पण वाचता येते. उभं राहावं लागलं तर फक्त ऐकणं.’

वि-११: ‘घरी मोबाईल हातात दिसला की आई म्हणते अभ्यास कर. मी अभ्यासच करत आहे हे पटवायला चार दिवस लागले.’

वि-१५: ‘आधी पुस्तकातलं वाचून समजायचं नाही म्हणून वर्गात बसायचो. आता थांबवून परत ऐकता येते. रिफ्लेक्स, मेटाबॉलिझम असले शब्द तीनदा ऐकले की घाबरायला होत नाही.’

लग्न झालेल्या दोघी-तिघींनी रात्री साडेदहानंतरचा वेळ लिहिलाय. स्वयंपाक, भांडी, मुलाचा अभ्यास आणि मग व्हिडिओ. एकीने लिहिलंय, ‘पूर्वी कॉलेजचे तास हाच माझा अभ्यासाचा वेळ होता. तो वेळ माझा होता. आता अभ्यास घरी आला आणि घरी माझा वेळ नाही.’

हे वाक्य मी वेगळ्या कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. पदव्युत्तर वर्गात फ्लिप करताना याचा विचार आधी व्हायला हवा. पाश्चात्य लेखांत वसतिगृहात राहणारा, हातात लॅपटॉप असलेला विद्यार्थी गृहीत धरलेला असतो. आमच्याकडे तास म्हणजे अनेक मुलींना घरातून मिळालेली हक्काची सुटका. ती काढून घेणारी पद्धत कितीही शास्त्रशुद्ध असली तरी मला नको आहे.

ठरवलं: सोमवार आणि बुधवारचा शेवटचा तास ‘तयारीचा तास’ म्हणून वेळापत्रकात. संगणक कक्ष उघडा, उपस्थिती नाही, मी शेजारच्या खोलीत. व्हिडिओ तिथेच पाहायचा, घरी न्यायचा नाही. विभागप्रमुखांनी लगेच होकार दिला. ग्रंथालयातलं एक व्याख्यान पुढे सरकवून जागा केली.

२० ऑगस्ट, मंगळवार

मधुमेह. आज वर्गात वजनकाटा, पीठ आणि तवा.

रुग्णाची भूमिका आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचर मावशींनी केली. त्यांना चार ओळींची गोष्ट दिली होती: वय ५२, शेतात निंदणीला जाते, नव्याने मधुमेह निघालाय. बाकी सगळं मावशींचं स्वतःचं. चोवीस तासांचं आहारस्मरण घ्यायला वि-९ समोर बसली. ‘सकाळी काय खाल्लं?’ ‘चहा.’ ‘जेवणात?’ ‘दोन भाकरी, भाजी.’ वि-९ ने तक्त्यात लिहिलं, ज्वारी भाकरी दोन, आणि पुढे सरकली.

मी थांबवलं नाही. वर्गाला कागदावर अंदाज लिहायला सांगितला: एका भाकरीला पीठ किती? आधी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग हवं तर बदलायचं. ही मझूर यांची पायरी मी मुद्दाम ठेवली आहे. त्याशिवाय प्रत्येक गटात दोघी-तिघीच बोलतात आणि बाकीच्या मान डोलावतात. अंदाज ४० ग्रॅमपासून १०० पर्यंत.

मग तीन जणींनी आपल्या घरच्यासारखी भाकरी थापली. पीठ वजन करून घेतलं. शहरात वाढलेल्या मुलीची ६० ग्रॅमची. मोर्शीकडच्या मुलीची ७५ च्या आसपास. मावशींनी स्वतः थापली ती ९५ ग्रॅमची, हातावरून परतून टाकलेली, टम्म फुगलेली. अन्नघटक तक्त्यांनुसार ज्वारीत शंभर ग्रॅमला ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. म्हणजे एका भाकरीत ४१ ग्रॅम की ६४ ग्रॅम? दोन भाकरींत ४६ ग्रॅमचा फरक, शहरातल्या आणखी एका भाकरीहून जास्त. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचा डोस याच आकड्यावर बसवायचा असतो.

मग प्रश्न आपसूक आले. भाकरी केवढी? तुमची की सुनेची? शेतात शिदोरी नेता का? चहात साखर किती चमचे, चमचा कोणता? मावशींनी दिवसाचे पाच चहा सांगितले, जे आधी एकदाच आले होते. ‘इचारलंच नाही तर सांगू कशी?’ असं त्या म्हणाल्या आणि वि-९ ते वहीत लिहून घेऊ लागली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर-इंडियाब) २०२३ च्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक प्रौढांना मधुमेह आहे. आहारतज्ज्ञांची संख्या त्याच्या पासंगालाही पुरत नाही. जी एखादी वीस मिनिटं रुग्णाच्या वाट्याला येतात, त्यात भाकरीचं वजन विचारणारी मुलगी समोर असायला हवी.

५ सप्टेंबर, गुरुवार

पोळ्यासाठी गावी गेलेली मंडळी परतली आणि लगेच गणपती व महालक्ष्म्यांची गडबड. अर्धा वर्गच होता, म्हणून नवीन घटक न घेता त्यांच्याशी पद्धतीविषयी बोलले.

वह्यांमध्ये एक सूर वाढतोय: ‘वर्गात मजा येते, पण काही शिकलो असं वाटत नाही.’ याचं उत्तर देण्यासाठी एक अभ्यास फळ्यावर मांडला. २०१९ मध्ये लुई डेस्लोरियर्स आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकाच विषयावर दोन प्रकारचे तास दिले: उत्तम वक्त्याचं व्याख्यान आणि स्वतः सोडवण्याचा वर्ग. व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. चाचणीत जास्त गुण स्वतः सोडवणाऱ्यांना मिळाले. डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं, आपल्याला येत नाही. वक्ता सफाईने बोलला की वाटतं, आपल्याला समजलं.

मुलं बराच वेळ विचारात पडली. एकीने विचारलं, ‘मग आम्हाला काय वाटतं ते लिहू नये का?’ लिहायलाच हवं, असं सांगितलं. तुम्हाला काय वाटतं आणि तुम्ही काय शिकलात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या प्रकल्पाला दोन्ही हव्या आहेत. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली होती. पण तेही सगळं विज्ञान, तंत्रज्ञान, गणिताचं. आपल्या विषयात रुग्ण आहे, स्वयंपाकघर आहे. आपला पुरावा आपणच गोळा करायचा.

एक बदल मात्र त्यांच्या मागणीवरून केला. सुरुवातीच्या पाच प्रश्नांतला जो सगळ्यांना अवघड गेला, तो मी फळ्यावर दहा मिनिटं समजावून सांगणार. तेवढंच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मूत्रपिंडाचे विकार. सत्रातला सर्वांत चांगला तास.

सगळ्या गटांना एकाच बाईची माहिती दिली: वजन ५८ किलो, शाकाहारी, मधुमेह नाही, ज्वारी खाणारी. दोन गटांच्या कागदावर ‘टप्पा ४, डायालिसिस नाही’ असं लिहिलं होतं, दोन गटांच्या कागदावर ‘आठवड्यातून तीनदा डायालिसिस’. हा फरक कोणालाच सांगितला नाही. दिवसाची प्रथिनं किती, ते फळ्यावर लिहायचं.

फळ्यावर एकीकडे ३२ ते ३५ ग्रॅम, दुसरीकडे ५८ ते ७०. भांडणच सुरू झालं. ‘अर्ध्याने कसं चालेल?’ ‘तुम्ही मूत्रपिंड निकामी करायलाच निघाल्या!’ दोन्ही बाजूंनी व्हिडिओतलं वाक्य पुराव्याला काढलं, आणि दोन्ही वाक्यं बरोबर होती. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या (केडीओक्यूआय) २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मधुमेह नसलेल्या, डायालिसिस नसलेल्या रुग्णाला किलोमागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम, डायालिसिसवर असलेल्याला १.० ते १.२. शेवटी वि-१८ ने समोरच्या गटाचा कागद हिसकावून वाचला आणि ओरडली, ‘अरे, हिचं तर डायालिसिस सुरू आहे!’

एकच बाई, सहा महिन्यांच्या अंतराने. कालपर्यंत डाळ कमी करा म्हणणारी आहारतज्ज्ञ आज वाढवा म्हणते. घरच्यांना हे कसं समजावणार? यावर दोघींनी नाट्यछटा केली, एक सासू झाली.

मग ३५ ग्रॅमचं ताट बसवायला घेतलं. सगळ्यांनी पहिली कात्री डाळीला लावली. पण ६० ग्रॅमच्या चार भाकरींतच २४ ग्रॅम प्रथिनं गेली. ३० ग्रॅम तुरीच्या डाळीत साडेसहा. १०० मिलि दुधात तीन. संपलं. आणि ऊर्जा अजून हजारालाही टेकलेली नाही, हवी आहे १७४० च्या आसपास. आता उरलेल्या साडेसातशे किलोकॅलरी प्रथिनांशिवाय कुठून आणायच्या? तेल, थोडी साखर, आणि कोणीतरी म्हणालं साबुदाणा. बरोबर, साबुदाण्यात प्रथिनं नावापुरती. लगेच खिचडी आली, तिच्याबरोबर दाण्याचं कूट आलं आणि कुटाबरोबर प्रथिनं, फॉस्फरस, पोटॅशियम. नऊ दिवसांवर नवरात्र. ‘कूट नसलेली खिचडी कोण खाईल?’ यावर वर्गात एकमत होईना. शेवटी तूप, जिरं, ओलं खोबरं की लिंबू, आणि त्यातलं पोटॅशियम किती, हे तक्त्यातून काढण्यात तास संपून पुढची घंटा झाली. कोणी उठलं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

रिफीडिंग. इथे मुलांचं म्हणणं वेगळं आहे आणि मला ते पटतं.

दीर्घ उपासमारीनंतर ग्लुकोज मिळालं की इन्सुलिन उसळतं. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, रक्तातलं घसरतं, थायमिनची गरज वाढते, आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. ही साखळी आहे. मधली एक कडी निसटली की पुढचं सगळं पाठांतर होतं. पाच मिनिटांच्या तुकड्यांत ही साखळी तुटते. आज सुरुवातीच्या प्रश्नांमध्ये ‘फॉस्फेट का घसरतं?’ याला जवळजवळ सगळ्यांची उत्तरं पाठ केलेली होती, समजलेली नव्हती.

वि-२ ने स्पष्ट विचारलं: ‘मॅडम, हे खडूने सांगा ना.’ सांगितलं. पाऊण तास, एकच आकृती, बाणांवर बाण. मी चेहरे बघत बोलत होते. कोणाच्या कपाळावर आठी आली की मागे जात होते. कॅमेऱ्यासमोर हे करता येत नाही. त्यानंतरचं उदाहरण त्यांनी झपाट्याने सोडवलं: बारा दिवस काहीच न खाल्लेला, ४५ किलोचा माणूस. नाइस या ब्रिटनमधल्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शनाप्रमाणे किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरीने सुरुवात, म्हणजे दिवसाला ४५०. ‘एवढंसंच?’ हा नेहमीचा प्रश्न आज आला नाही. का, हे त्यांना फळ्यावर दिसत होतं.

म्हणून हा घटक पुढच्या वर्षी फ्लिप करायचा नाही. यंत्रणा समजावायची असेल तिथे खडू, आणि निर्णय घ्यायचा असेल तिथे फ्लिप, असं माझं मत बनत चाललंय.

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे रवाना झाले आणि ठरल्याप्रमाणे गटचर्चेचे उतारे मिळाले. ब्राउन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या विषयसूत्र-विश्लेषण (थीमॅटिक ॲनालिसिस) पद्धतीने कोडिंग, म्हणजे सारख्या मुद्द्यांना खुणा घालणं, सुरू. निवडणुकीची ड्युटी लागलीये, त्यामुळे २० तारखेपर्यंत हे संध्याकाळीच होणार.

उताऱ्यांत ठळक दिसलं ते असं. वर्गात मराठीत वाद घालता आला, याचा उल्लेख मी धरला होता त्याहून कितीतरी जास्त. ‘इंग्रजीत वाचलेलं मराठीत सांगायला लागलं तेव्हा कळलं की आपल्याला काय कळलं नाही,’ असं एकीने म्हटलंय. दुसरीचं म्हणणं: ‘चुकलं तर गुण जात नव्हते, म्हणून चुकायला हरकत वाटली नाही.’ पातळ मिश्रण करणारा गट तीन वेगवेगळ्या चर्चांमध्ये आलाय, आणि प्रत्येक ठिकाणी अभिमानाने: ते आम्ही केलं, म्हणून ते कोणीच विसरणार नाही.

तक्रारीही आहेत आणि त्या रास्त आहेत. बाकीचे विषय तसेच राहिले, त्यांच्या असाइनमेंट तशाच, त्यात हे वाढलं. तयारीचा तास सुरू झाल्यावर सुटका झाली, पण दर्यापूरच्या शेवटच्या सोयीच्या गाडीची वेळ त्या तासाच्या आड येते. गटात काही जण तयारी न करता येतात आणि इतरांच्या जिवावर तास काढतात, हा राग चारही चर्चांमध्ये आहे. एकाने विचारलंय: ‘प्रात्यक्षिकाला क्रेडिट आहे, लेक्चरला क्रेडिट आहे. आम्ही व्हिडिओ बघतो त्याला काय आहे?’

याला आज विभागाकडे उत्तर नाही. असायला हवं.

९ डिसेंबर, सोमवार

विभागाच्या बैठकीत मांडलं आणि मान्य झालं ते इथे नोंदवते.

तयारीचा तास कायम राहील, पण दुपारच्या सुट्टीला लागून, म्हणजे कोणाची गाडी चुकणार नाही. फ्लिप्ड घटकांच्या बदल्यात त्या विषयाची लेखी असाइनमेंट रद्द. सुरुवातीच्या पाच प्रश्नांना थोडे अंतर्गत गुण, जेणेकरून तयारी करून येणाऱ्याला त्याचं मोल मिळेल. वर्गात केलेल्या चुकांना मात्र गुण कापायचे नाहीत, यावर मी अडून बसले आणि सगळ्यांनी साथ दिली. रिफीडिंग फळ्यावर परत. त्याच्या जागी गरोदरपणातला मधुमेह फ्लिप करायचा, कारण तिथे निर्णयच निर्णय आहेत. तयारीच्या वेळेला क्रेडिट मिळावं यासाठी अभ्यासमंडळाकडे प्रस्ताव पाठवायचा. त्याला विद्यार्थ्यांचे शब्द जोडायचे, आमचे नव्हे.

विद्यार्थ्यांकडूनही एक प्रस्ताव आला. भाकरीच्या तासानंतर काही जणींनी घरोघरी पीठ मोजायला सुरुवात केली होती, मला न सांगता. अमरावती, मोर्शी, दर्यापूर, अचलपूर, धारणी, चिखलदरा. ज्वारीची भाकरी, मेळघाटात कुटकीचा भात, शेतमजुराची आणि घरी बसणाऱ्याची. शेजारी पट्टी ठेवून फोटो, पिठाचं वजन, भाजल्यावरचं वजन. त्यांना याची सचित्र पुस्तिका करायची आहे, जी बाह्यरुग्ण विभागात आहारस्मरण घेताना रुग्णापुढे ठेवता येईल: यातली तुमची कोणती? परिचर मावशींनाही त्यांनी गटात घेतलंय. वजनकाटे दोन कमी पडताहेत, त्याची मागणी आज खरेदी समितीकडे दिली. कोरकू घरांमध्ये बोलायला धारणीकडची वि-१३ जाणार आहे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात.